पटले सरांचा पापुद्रा

पटले सरांच्या हातात पेढ्यांचा डबा द्या, नाहीतर लग्नातली भेटवस्तू. आतला माल राहिला बाजूला, ते आधी वरची सेलोटेप हलक्या हातानं सोडवून स्वतःच्या बाहीला चिकटवायचे. आमगावच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे, मी बायोलॉजी. म्हणजे मायक्रोस्कोप माझ्या ताब्यात, आणि म्हणून सारा ताप माझ्याच डोक्याला.

नागपूरच्या मित्राकडून त्यांनी मॉलिब्डेनाइट नावाचा काळा चकचकीत दगड आणला होता. त्याची कपची टेपवर ठेवायची, टेप दुमडायची, ओढायची. पुन्हा दुमडायची, पुन्हा ओढायची. दर ओढीला कपची पातळ होते म्हणे. शेवटी फक्त तीन अणूंच्या जाडीचा पापुद्रा उरला पाहिजे, हा ध्यास! रिकाम्या तासाला स्टाफरूममध्ये टर्र टर्र चालूच. माझ्या मायक्रोस्कोपच्या काचेला डिंक लागला तो वेगळाच.

"हे कायले सोलून राहिले सर?" मी वैतागून विचारायची.

"अहो मॅडम, एवढ्या पातळ पापुद्र्यात इलेक्ट्रॉनसाठी दोन बोड्या असतात, आपल्या धानाच्या शेतातल्या तळ्यांसारख्या. उजेडाले उजवा पीळ देऊन सोडला तर इलेक्ट्रॉन या बोडीत, डावा पीळ दिला तर त्या बोडीत. पाटकऱ्याशिवाय पाणी फिरते!"

सर भेटेल त्याला हेच सांगायचे. आणि बाप्पा, ते समजायचं बरं का! शिपायाला समजायचं, बँकेतल्या रांगेला समजायचं. चहावाला तर सर दिसले की हाक मारायचा, "क्या गुरुजी, आज कौनसी बोडी में?"

महिनाभर सोलून एकदा मनाजोगता पापुद्रा काचेवर उतरला. सर हवेत. दुसऱ्या दिवशी आमचा शिपाई नामदेव मोठ्या खुशीत आला. "सर, तुमची काच लय मळली होती. सोड्यानं घासून चकाचक करून देलो." सरांनी काच उजेडाकडे धरून पाहिली. मग टेपच्या नव्या रोलचं टोक नखानं शोधायला लागले.

हा सारा उपद्व्याप मुलीपायी. स्वाती जर्मनीत ह्याच पापुद्र्यांवर उजेड पाडून संशोधन करायची. बायको वारल्यापासून सर घरात एकटे, आणि रविवारचा तिचा फोन काय तो आधार. पण "काय करून राहिली बेटा?" विचारलं की ती म्हणायची, "बाबा, तुम्हाले नाही समजणार." झालं, फोन संपला. तेव्हापासून सरांनी दगड हाती घेतला.

एका रविवारी, सरांनी उचलून नेलेला मायक्रोस्कोप परत मागायला मी त्यांच्या घरी गेले. फोन स्पीकरवर होता. स्वाती उजेडाला पीळ कसा देतात ते सांगत होती.

"पीळ म्हणजे दोरीवानी का?" सर विचारत होते. "नाही शिरून राहिलं डोक्यात. पहिल्यापासून सांग."

ती हसली आणि पहिल्यापासून सांगू लागली. सर डोळे मिटून ऐकत होते. मध्येच एखादा येडा प्रश्न टाकायचे, की पोरगी आणखी खुलायची.

फोन बंद झाल्यावर माझा संताप अनावर झाला. "सर! सोलून सोलून बोटांची सालं गेली तुमची. सारं येते म्हणून तिले सांगत काऊन नाही?"

"सांगलो होतो ना एकदा," सर बाहीवरची टेप काढत म्हणाले. "'वा बाबा, तुम्हाले तर सारं समजलं' म्हणाली. लय खूश झाली. अन् चार मिनिटांत फोन ठेवली. मग पुढच्या रविवारी म्हणालो, सारं विसरलो."

काढलेली टेप त्यांनी टेबलाच्या कडेला चिकटवली.

"आज पाऊण तास बोलली, मॅडम," सर म्हणाले.