करंदीकरबाईंचा रिपोर्ट

आमच्या ऑफिसात कुणीही शिरलं की म्हात्रेकाका कोड लिहायचं थांबवतात आणि विचारतात, "तुमाला जायचं कुठं व्हतं?" कुरियरवाला असो, पाण्याचे जार आणणारा असो, की वरच्या मजल्याऐवजी चुकून आमच्याकडे आलेला विमा एजंट. नुसतं विचारून थांबत नाहीत, हव्या त्या दारापर्यंत स्वतः नेऊन सोडतात. एकदा बँक शोधणाऱ्या एका बाईंना पोचवायला गेले आणि तासाभराने परतले. तोवर आमचे मालक शेखर सर क्लायंटला चहावर चहा पाजत बसले होते.

काका भिवंडीजवळच्या राहनाळचे. घरच्या भातशेतीवर आता गोदामं उभी आहेत. भाड्यावर बसून खाता आलं असतं. पण चाळिशी उलटल्यावर त्यांनी क्लास लावून प्रोग्रामिंग शिकून घेतलं आणि भिवंडीच्या नारपोलीतल्या आमच्या ऑफिसात नोकरी धरली. खाली दिवसभर कापडाचे लूम खडखडतात, वर काका त्याहून मोठ्याने कॉम्प्युटरशी भांडतात. माणसांशी मराठीत, कॉम्प्युटरशी हिंदीत.

आम्ही एका पॅथॉलॉजी लॅबची वेबसाइट बनवली होती. रक्त तपासलं की पेशंटला मेसेजमध्ये लिंक जायची. ती दाबून लॉगिन केलं की थेट आपला रिपोर्ट दिसायला हवा. गणेशपुरीच्या करंदीकरबाई, निवृत्त शिक्षिका, यांना तो दिसेना. लॉगिन व्हायचं, पण उघडायचं लॅबचं पहिलं पान, हसऱ्या कुटुंबाच्या फोटोचं. मग गुडघे धरत एसटीने भिवंडीला यायचं आणि कागद घेऊन जायचं. शेखर सर म्हणाले, एकाच बाईंची तक्रार आहे, त्यांना मेनूत जाऊन शोधायला सांगा.

काका हटले नाहीत. "लॉगिन झाला म्हंजे काम झाला न्हाय," ते म्हणाले. "मानूस रिपोर्ट बघाया आला, त्याला फोटो दाखवून परत धाडायचा?"

आमची वेबसाइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभी आहे, ते लॉगिन मागण्याआधी माणूस कुठल्या पानाकडे निघाला होता ते लक्षात ठेवतं आणि लॉगिननंतर तिकडेच नेतं. लक्षात नसेल तर पहिल्या पानावर सोडून देतं. म्हणजे मध्येच कुठेतरी विसर पडत होता. ऑफिसात मात्र काही केल्या पडेना. काका लॉगिन करत, रिपोर्ट दिसे. पुन्हा लॉगआउट, पुन्हा लॉगिन, पुन्हा रिपोर्ट. "अरे भाई, मेरे सामने तो बडा शरीफ बनता है," असं ते स्क्रीनला सुनावत. सरसकट सगळ्यांना लॉगिननंतर रिपोर्टांच्या पानावर पाठवू या, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "पोरी, ही मलमपट्टी झाली. दुखतं कुठं ते सांग."

शेवटी एका रविवारी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन गणेशपुरीला गेलो. काकांनी बाईंना त्यांच्याच फोनवर मेसेजमधली लिंक दाबायला सांगितली आणि स्वतः स्क्रीनच्या वरच्या कडेला दिसणाऱ्या वेबसाइटच्या पत्त्याकडे टक लावून बसले. लॉगिनचं पान उघडलं तसं त्यांनी पत्त्यावर बोट ठेवलं. मेसेजातल्या पत्त्यात सुरुवातीचं डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू नव्हतं, लॉगिनच्या पानावर होतं. आपल्याला पत्ता एकच वाटतो, पण ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी घरं. एका घरी सांगून ठेवलेलं दुसऱ्या घरी कसं कळणार? आम्ही ऑफिसात मुळातच पूर्ण पत्ता टाइप करत होतो, म्हणून आमचं कधी अडलंच नाही. बाकीचे पेशंट मुकाट्याने मेनूत शोधून घेत असणार, तक्रार केली ती एकट्या बाईंनी.

काकांनी तिथेच बसून मेसेजातला पत्ता सुधारला. अर्धवट पत्त्याने येणारा माणूसही आधी पूर्ण पत्त्यावर आणि मगच लॉगिनकडे जाईल, अशी सोय केली. बाईंनी पुन्हा लिंक दाबून लॉगिन केलं. रिपोर्ट उघडला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि साखर आटोक्यात असल्याचं सांगितलं. काकांचा चेहरा असा उजळला की साखर त्यांचीच असावी.

मग बाईंनी गरम उकड केली. काका दोनदा मागून जेवले. घरी कोण कोण असतं, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, घर मोठं हाय, तीन मजली. आणि लगेच ब्राउझरबद्दल बोलू लागले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगी परदेशी असते, हे मला माहीत होतं. सुट्टीच्या दिवशीही ते ऑफिस उघडून बसतात, हेही माहीत होतं. या दोन्हींचा संबंध मी आजवर लावला नव्हता.

निघताना ते उंबऱ्यापाशी रेंगाळले. "फुडल्या रविवारी येऊन बघू का?" त्यांनी बाईंना विचारलं. "कवा कवा परत बिघडतं."

आता बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं, आणि बहुधा बाईंनाही कळलं असावं.

"बिघडलं नाही तरी या," त्या म्हणाल्या.

काकांनी मान खाली घालून चपला घातल्या. डावीत उजवा पाय, उजवीत डावा. तसेच एसटी स्टँडपर्यंत चालत आले.