शुद्ध ढेकर

उदगीरचे कापड दुकानदार सिद्धलिंगअप्पा मुगाच्या कढणावर दिवस काढत होते आणि ते चोरून खातात अशी त्यांच्या बायकोची, शिवकांताबाईंची, खात्री होती.

झालं असं, पोट जड वाटतं म्हणून अप्पा भीमाशंकर वैद्यांकडे गेले. वैद्यांनी नाडी धरून जठराग्नी मंदावल्याचं सांगितलं. आधीचं पचल्याशिवाय वर काही टाकायचं नाही. ढेकर शुद्ध आला, त्याला खाल्ल्याचा वास नसला, तरच भाकरी; नाहीतर कढण. तपासणीचं काम शिवकांताबाईंनी आपणहून अंगावर घेतलं.

बाईंची बीपीची गोळी जेवणानंतरची. त्यामुळे साडेबाराला स्वतःचं जेवण उरकून त्या एकच्या ठोक्याला अप्पांसमोर उभ्या राहत. पहिल्या दिवशी अप्पांनी कोमट पाणी पिऊन ढेकर दिला. बाईंनी नाक पुढे नेलं. लसणाचा वास होता.

"भजी खाऊन आले तुम्ही."

"आईशप्पथ न्हाई."

दुसऱ्या दिवशी अप्पांना दुकानात जाऊ दिलं नाही. तरी लसूण. तिसऱ्या दिवशी बाईंनी कपाटातल्या घड्या उलगडून फरसाण शोधलं आणि खिडकीतून ह्यांना काही खायला देतेस का, असं शेजारच्या रूपालीला विचारलं. रूपालीने बोलणंच टाकलं. एकतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोचा विश्वास नाही, याचं अप्पांना फार वाईट वाटलं. अर्थात भुकेचंही वाटतच होतं.

चौथ्या दिवशी बाईंनी वैद्यांनाच घरी बोलावलं. अप्पांनी त्यांच्यादेखत ढेकर दिला.

"आला का न्हाई वास?" बाईंनी पुढे वाकून विचारलं.

"आला," वैद्य म्हणाले. "अक्का, तुम्ही जरा दारापाशी जाता का?"

बाई गेल्या. वासही गेला. जेवणात काय होतं, असं वैद्यांनी विचारल्यावर बाई लसणाच्या चटणीचं नाव जेमतेम पुटपुटल्या.

"ह्यांचा अग्नी चांगला पेटलाय," वैद्य उठत म्हणाले. "आधी भाकरी वाढा."

बाईंनी तवा ठेवला. अप्पांनी गरम भाकरीवर लोणी घेतलं आणि डोळे मिटून पहिला घास चावला. डोळे उघडले तेव्हा बाई समोर बसून त्यांच्याकडेच निरखून पाहत होत्या.

"चार दिवस उपाशी ठेवलं मी. एकदाबी भांडले न्हाईत तुम्ही."

"मग?"

"एवढं मुकाट्यानं सोसता म्हणजे काहीतरी करून बसलाय. काय केलंय, सांगा."

आणि त्यांनी भाकरीची टोपली आपल्याकडे ओढून घेतली.