पट्टी कुणी मारली?

"या रस्त्यावर कात्री धरता येणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी!" उस्ताद रोज सकाळी शटर वर करताना हे ठणकावून सांगत. उस्ताद ही पदवी त्यांना कुणी दिली, असं विचारू नका. त्यांनी ती स्वतःच घेतली होती, आणि गिऱ्हाइकं वस्तऱ्याखाली असताना वाद घालत नसतात!

पण समोरच्या बाजूला एका पोराने दुसरं सलून उघडलं आणि उस्तादांची झोप उडाली. त्या पोराचं नाव घ्यायलाही त्यांची जीभ रेटेना. ते त्याला नुसतं 'समोरचा' म्हणत. समोरच्याची पाण्याची बाटली दाबली की धुकं पडायचं. उस्तादांची दाबली की कुणीतरी चूळ टाकल्यासारखं वाटायचं! समोरच्याचे टॉवेल पांढरेशुभ्र. त्याच्या दारात कुणी पाय ठेवला, की इकडे उस्ताद बोटांवर गिऱ्हाइकं मोजत.

"काय जादू करतो गं मेला?" ते बायकोला विचारत.

"जादू कसली? टॉवेल धुतो," बायको म्हणे.

उस्तादांची सगळी भिस्त आता एकाच गिऱ्हाइकावर होती. हेडमास्तर! मास्तर ज्या खुर्चीत बसतील तिथे निम्मी शाळा येणार. मास्तर अजून इकडे येत होते, तोवर दुकानाला दुकान म्हणायचं.

त्यात मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला हॉटेलात काउंटरवर उभं राहायची नोकरी लागली होती, उद्या पहिला दिवस. खुर्चीत बसल्याबसल्या त्याने ज्ञान पाजळायला सुरुवात केली.

"दाजी, धंदा वाढवायचाय ना? मशीनला रोज तेल द्या. दात ब्रशने झाडा. आणि नजर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवा, रस्त्यावर नको!"

"मला शिकवतोस? ही बघ, नवी मशीन! समोरच्याकडे आहे तीच, त्याच्याहून एक नंबर वरची!" उस्ताद गुरगुरले.

या मशीनला पुढे प्लास्टिकचा कंगवा लावायचा असतो. केस किती ठेवायचे ते तो कंगवा ठरवतो. कंगवा नसेल तर खाली थेट चामडी! उस्तादांनी एक बाजू झकास उतरवली. कंगव्यात केस अडकले म्हणून तो काढला, फुंकर मारली, आणि सवयीने आरशात पाहिलं. आरशात समोरचं दुकान दिसे. उस्ताद दिवसभर तेच बघत, आणि गिऱ्हाइकाला वाटे, काय लक्ष देऊन काम चाललंय!

आरशात हेडमास्तर दिसले. समोरच्याच्या पायरीवर!

"मास्तर?" उस्ताद कळवळले. कंगवा डाव्या हातात, मशीन उजव्या हातात, आणि उजवा हात आपला चालूच! खर्रर्र! कानाच्या वरून पार मागपर्यंत गुळगुळीत रस्ता तयार झाला.

"दाजी, एका बाजूने गार का लागतंय हो?"

"पंखा."

"पंखा बंद आहे."

"अं... लावायचाय!"

उस्तादांना दरदरून घाम फुटला. आजूबाजूचे केस ओढून त्यांनी रस्ता झाकायचा प्रयत्न केला. केस पुरेनात. मग त्यांना सुचली ती अक्कल फक्त घाबरलेल्या माणसालाच सुचते. त्यांनी कलपाची वाटी घेतली आणि ब्रशने मेहुण्याचं टक्कल काळं रंगवलं! कलप कानावर ओघळला. मेहुण्याने कान खाजवला, बोट पाहिलं, मग आरसा पाहिला.

"ताईऽऽऽ!"

घर दुकानाच्या मागेच. हातातलं लाटणं घेऊनच बायको धावत आली. लाटणं पाहून उस्तादांच्या तोंडातून आपोआप निघालं, "मशीन खराब निघाली गं! एकाएकी उसळलीच!"

"असं होय? ती विकणाऱ्या दुकानदाराला दाखवतेच आता!" मशीन घेऊन बायको तरातरा निघून गेली. मेहुण्याने डोक्यावर टॉवेल टाकला आणि रस्ता ओलांडून तो थेट... समोरच्याकडे!

आता आली का पंचाईत! सोयरे असावेत तर असे! घरचं टक्कल शत्रूच्या दारात नेलं! समोरचा पोट धरून हसेल म्हणून उस्ताद दात-ओठ खात उभे राहिले. तो हसला नाही. त्याने कलप पुसला, त्या रस्त्याच्या कडा धारदार केल्या, शेजारी एक बारीक तिरकी रेघ काढली, आणि बाकीचे केस असे उतरवले की मेहुणा बाहेर आला तो रुबाबात, मान तिरकी करून! रस्त्यावरची चार पोरं थांबली.

"दादा, कुठे मारलीस रे पट्टी?"

मेहुण्याने समोरच्याच्या दाराकडे बोट केलं. पोरं आत. त्यांच्यामागे आणखी दोघं. बाकावर बसलेले मास्तरसुद्धा म्हणाले, "वा! हात आहे पोराचा!"

बस! इथे उस्तादांचा तोल सुटला. चूक माझी, आणि कौतुक त्याचं? ते रस्त्यावर धावले. एक सायकल वाचली, एक शिवी मिळाली, आणि ते भर दुकानात गरजले, "ती पट्टी माझी आहे!"

समोरच्याने अदबीने विचारलं, "पण काका, मशीन बिघडली होती ना? तुमचे मेहुणे तसंच म्हणाले."

"मशीन बिघडायला ती काय स्वतः चालते? मशीन ठणठणीत आहे! मी मारली पट्टी! कंगवा न लावता! या हाताने!"

सगळे उस्तादांच्या मागे बघत होते. उस्ताद वळले. दारात बायको उभी. एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात बदलून घेतलेली खोक्यातली कोरी मशीन, आणि मागे तिने बाजारभर भांडून ओढत आणलेला मशीनवाला!

"ऐकलंत ना वहिनी?" मशीनवाला रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी कधीचा हेच सांगतोय!" त्याने जुनी मशीन उस्तादांच्या हातात कोंबली, खोकं तिच्या हातातून काढून घेतलं आणि तो चालता झाला.

लाटणं काखेत मारून बायको आत आली आणि बाकापाशी उभी राहिली. उस्तादांनी घाईघाईने विषय बदलला.

"मास्तर, इथे कशाला ताटकळताय? माझी खुर्ची रिकामी आहे. चला, लगेच होईल!"

मास्तरांनी मेहुण्याच्या डोक्याकडे पाहिलं. मग आपल्या डोक्यावरून हलकेच हात फिरवला.

"उस्ताद, मशीन खराब असती तर आलो असतो हो. ती बदलून मिळते."

आणि सरकून त्यांनी उस्तादांच्या बायकोला बाकावर जागा करून दिली.