अप्पांची जागा चुकली

दुकानात गिऱ्हाईक आलं, की मन्मथअप्पा "काय पाहिजे?" असं विचारत नसत. "कुठं असता?" असं विचारत.

"नायगावला," एकदा एक म्हातारा म्हणाला.

"तसं न्हाई हो. मोबाईलमंदी कुठं असता?"

म्हाताऱ्यानं खिशातून बटणांचा मोबाईल काढून दाखवला. अप्पा मनापासून हळहळले आणि त्याला चिमूटभर मेतकूट चाखायला दिलं.

उदगीरला आमच्या घरासमोरच अप्पांचं येसर-मेतकुटाचं दुकान. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ, उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. विकायचे अप्पा, भाजायची त्यांची थोरली बहीण आक्का. ती ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली होती. अप्पांनी लग्नच केलं नाही. घरात दोघंच.

लोक कंपनीचं पुड्यातलं येसर घ्यायला लागले तसं दुकान बसत चाललं. मग अप्पांनी मोबाईल घेतला आणि कुठल्या ॲपवर दुकान मांडावं याचा असा काही अभ्यास सुरू केला, की पोरीसाठी स्थळ बघणाऱ्या बापानंही करू नये.

"पहिले जागा बघा सर, मग माल," हे त्यांचं पालुपद. मी शाळेत शिकवतो, म्हणून प्रत्येक जागेचा निकाल ते मला येऊन सांगत.

"व्हॉट्सॲप बेकार. समदे पाहुणेच. फुकट मागत्यात."

पुढच्या आठवड्यात, "फेसबुकावर रिटायर लोकांची गर्दी हाय. वाढदिवसाला फुलं देत्यात, येसर घेत न्हाईत."

यूट्यूबवर तर त्यांचा रागच. "तिथं लोक करायला शिकून राहिलेत. शिकल्यावर इकत कशाला घेतील?"

शेवटी रिलांच्या ॲपवर त्यांचं मन बसलं. नोकरीला पुण्या-हैदराबादला गेलेली, घरच्या चवीला आसुसलेली पोरं तिथंच असतात, हा त्यांचा हिशोब. तो खोटा नव्हता.

पहिलंच रील आक्काचं. चुलीपुढं बसलेली आक्का, आणि मोबाईलमागून अप्पांचा आवाज, "आक्का, येसर कसं झालंय?"

"खाऊन बघ की मुडद्या!" असं म्हणून आक्का तोंडभरून हसली. तोंडात दातच दोन. पण त्या हसण्यानं मागचे पितळी डबेसुद्धा हसल्यासारखे दिसत होते.

रील लातूर-नांदेडच्याही पुढं गेलं. ऑर्डरी आल्या. अप्पा नवा सदरा घालून दुकानात बसायला लागले. मग कुणीतरी फक्त ते हसणं कापून भुताच्या चित्राला जोडलं. लोकांनी त्याखाली नाही नाही ते लिहिलं. अप्पांनी घरात काही कळू दिलं नाही. पण महादेवाच्या देवळात सोमवारी शेजारच्या बायकांनी ते आक्काला दाखवलं. सगळ्या हसल्या म्हणून आधी तीही हसली. मग तिला कळलं.

त्या दिवसापासून तिनं तोंडाला पदर लावला. चुलीपुढंसुद्धा. देवळात जाणं बंद, मागच्या दारी बसून बायकांशी गप्पा मारणंही बंद.

अप्पांनी खातं बंद केलं. ऑर्डरीही थांबल्या. "माल चांगला होता सर," ते मला म्हणाले. "जागा चुकली माझी." त्यांना माल म्हणजे येसर म्हणायचं नव्हतं, एवढं मला कळत होतं.

परवा संध्याकाळी मेतकूट आणायला गेलो. दुकानात कुणी नव्हतं, म्हणून मागं डोकावलो. आक्का धने निवडत होती. अप्पा उंबऱ्यावर बसून मोबाईलमधून वाचून दाखवत होते. आक्काला वाचता येत नाही.

"मुदखेडची एक बाई लिहिती, आक्का, तुमचं येसर खाल्लं आन मला माझी माय आठवली."

मोबाईलचा पडदा काळा होता. मला पाहून अप्पांनी हलकेच मान हलवली. बोलू नका.

"लेकरंबाळं हायत का तिला?" आक्कानं पदराआडून विचारलं.

काळ्या पडद्यावर अप्पांनी बोट फिरवलं, जणू खाली अजून काही लिहिलेलं होतं.

"एक पोरगी हाय म्हने," ते म्हणाले. "लई हसरी हाय."