मधुकररावांचा परदेश

"पासपोर्ट घरात असला, की माणूस अर्धा परदेशातच राहते!" मधुकरराव कोराडीच्या वसाहतीत भेटेल त्याला ऐकवायचे. तिथल्या राख ओकणाऱ्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर पासपोर्ट काढला तो मस्कतच्या लेकीसाठी. हर्षाला सातवा महिना होता. "बाबा, बाळंतपणाले तुम्हालेही यावंच लागते," असं तिनं बजावलं होतं. पण त्याआधी एक परदेश स्वतःच्या हिमतीवर पाहायचाच, म्हणून त्यांनी नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका एजंटाकडे आठ दिवसांची सहल ठरवली. देशाचं नाव इथं सांगत नाही. उगाच माझ्याही पासपोर्टची चौकशी व्हायची!

वसाहतीचे अध्यक्ष महादेवराव यांनी शाल, नारळ आणि हार देऊन वाजतगाजत निरोप दिला. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी एजंटाचा फोन आला. त्या देशाशी आपलं बिनसलं होतं! भारतीय पासपोर्टवर तिथं जायला सरकारची बंदी. गेलात तर पासपोर्ट जप्त!

"बरं झालं," म्हणत भागीरथाबाई बॅग उघडू लागल्या.

"बॅग काहून उघडून राहिली वं? हार घालून घेतला मी! आता कोणत्या तोंडानं सांगू?"

आणि बॅगेसकट मधुकरराव निघाले ते थेट नागपुरातल्याच जरीपटक्याला, मेहुणीच्या घरी! तिथं त्यांनी आठ दिवस मेथी निवडली. इकडे बंदीची बातमी टीव्हीवर झळकली आणि वसाहतीची छाती फुगली. बंदी असूनही आपला गडी गेला!

नवव्या दिवशी ते परतले. जरीपटक्याच्या बाजारातले पिस्ते त्यांनी 'तिथले' म्हणून वाटले. संध्याकाळी सत्कारात तर त्यांना चेवच चढला. "सरहद्दीवर बंदूकवाले उभे! मी म्हणलं, कोराडीचा माणूस आहो. राखेले भेलो नाई, बंदुकीले काय भेईन?"

टाळ्यांचा कडकडाट! महादेवरावांनी ती बातमी हौसेनं पेपरात छापून आणली. ती वाचून दोन दिवसांनी दारात हवालदार सुशील उभा राहिला. पाठोपाठ वसाहतही जमली.

"काका, पासपोर्ट काढा. बंदी मोडून गेले म्हणते. जप्त करा लागते."

मधुकररावांना मस्कत आठवलं. पोरगी तिकडं वाट पाहून राहिली होती. इज्जत गेली तर गेली!

"साहेब, मी कुठीच गेलो नाई! जरीपटक्याले मेहुणीकडे होतो!"

"ऐकू नका साहेब!" महादेवराव गरजले. "भेऊन राहिले ते! तिथले पिस्ते खाल्ले आम्ही!"

"मीबी खाल्ले!" मागून आवाज. साक्षीदारांचे हात भराभर वर झाले. मधुकरराव जितके नाही म्हणत, तितका वसाहतीला त्यांचा अभिमान वाटत होता.

हवालदारानं पासपोर्टची पानं उलटली. सगळी कोरी! "याच्यात शिक्काच नाई."

"चोरवाटेनं गेले असतीन!" महादेवरावांनी कौतुकानं सांगितलं.

आता भागीरथाबाईंचा संयम संपला. त्यांनी बहिणीनं पाठवलेला फोटो मोबाइलवर काढून हवालदारापुढे धरला. वर तारीख होती. खाली निरोपाची शाल पांघरून मधुकरराव मेथी निवडत होते!

हवालदार हसता हसता खाली बसला. पासपोर्ट परत मिळाला. वसाहत मात्र पाठ फिरवून पांगली, आणि ते मधुकररावांना फार लागलं.

दोन महिन्यांनी नवरा-बायको खरोखर मस्कतला गेले. या वेळी हार नाही, नारळ नाही. नातू मांडीवर घेऊन, डोळे भरून पाहून, तीन महिन्यांनी परतले. फाटकातच महादेवराव भेटले.

"या गा मधुकरराव! काय म्हणते जरीपटका?"

मधुकररावांनी चडफडत पासपोर्ट काढला आणि शिक्क्याचं पान त्यांच्या नाकासमोर धरलं. महादेवरावांनी ते उन्हात आडवंतिडवं करून निरखलं.

"वा! जरीपटक्याले आता शिक्काही मारून देतात काय?"