एब्रोकाठचा फणस

दौलत प्रभुदेसाई स्पेनहून सौदीतल्या अल-खोबरला परतला तो सगळा स्पेन बरोबर घेऊनच. कंपनीने त्याला पाठवलं होतं पंप तपासायला. एब्रो नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत एक आडगाव होतं आणि त्या गावाबाहेर पंपांचा कारखाना. आठवडाभर पंप तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून नदीच्या काठाकाठाने हुंदडायचं, असा महिनाभर त्याचा क्रम होता. नदीने डोंगर उभा चिरून केलेली दरी, तिच्यावर घिरट्या घालणारी गिधाडं, कड्याच्या टोकावर टेकून बसलेला किल्ला, रोमनांच्या वेळचा दगडी पूल आणि चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्यांनी बांधलेली सुपाएवढी घरटी, हे सगळं त्याने डोळे भरून पाहिलं होतं आणि परत आल्यावर ऑफिसात प्रत्येकाला कान भरून ऐकवलं होतं. ऐकवताना एखादा तपशील आठवला नाही तर तो तिथल्या तिथे तयार करायचा. दौलतला शंका हा विकार कधी झालाच नव्हता.

अशात बातमी आली की कंपनी त्याच कारखान्यात वर्षभरासाठी आपला माणूस ठेवणार आहे आणि तोही सहकुटुंब. निवड करणार होते अबू तलाल, म्हणजे दौलतचे सर्वांत वरचे साहेब. मोजकं इंग्रजी बोलणारा, शांत, पांढऱ्याशुभ्र पायघोळ थोबमधला सौदी गृहस्थ. दौलतची बायको मंजिरी हिने बातमी ऐकली त्याच संध्याकाळी बाजारातून लोकरीचा कोट आणला. बाहेर अंग भाजून निघत होतं आणि ही आरशासमोर कोट घालून उभी!

"अहो, पण तुम्हालाच पाठवतील कशावरून? तुमच्या खात्यात बाबाजी तोरसकर आहेत, तेही पंपातलेच."

"बाबाजी?" दौलत हसला. "त्याला काहीही विचार, 'माहीत नाही' म्हणतो. असा माणूस परदेशात काय दिवे लावणार? आपण एक काम करू. शुक्रवारी गच्चीवर माझ्या फोटोंच्या स्लाइडा दाखवू. साहेबांनाही बोलावू. मला त्या मुलखाची किती खडान्‌खडा माहिती आहे ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल."

निमंत्रणं गेली. अबू तलाल चक्क हो म्हणाले. फक्त स्लाइडा यायच्या होत्या. अर्ध्या आधीच आल्या होत्या, उरलेल्या मुस्तफाच्या फोटो स्टुडिओतून शुक्रवारी मिळणार होत्या. दौलत तिथे पोचला तेव्हा संध्याकाळच्या मगरिबची अजान सुरू होत होती आणि मुस्तफा शटर अर्धं खाली ओढून उभा होता. शटरखालून वाकून आणखी एक गिऱ्हाईक हात पुढे करत होतं. ते हुसेनमियाँ. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्याजवळ त्यांचं किराणा दुकान होतं, आणि घर दाभोळच्या खाडीकाठी. गेली कित्येक वर्षं त्यांना गावी जायला जमलं नव्हतं, म्हणून भाच्याने गावाचे फोटो काढून कुणाबरोबर तरी रोल पाठवला होता. मुस्तफाने दोन सारखी पाकिटं दोन हातांत कोंबली, "यल्ला, यल्ला!" म्हणाला आणि शटर धाडकन खाली आलं.

तासाभराने गच्ची भरली. दोऱ्यावर पांढरी चादर ताणली होती. पुढच्या खुर्चीत अबू तलाल, त्यांच्या शेजारी बाबाजी, मागे सतरंजीवर खोबरमधली झाडून सगळी मराठी मंडळी. शिवाय ऑफिसातला ड्राफ्ट्समन खुर्शीद. तो हैदराबादचा, त्यामुळे त्याच्याशी सगळे हिंदीत बोलत. हुसेनमियाँ जिना चढून धापा टाकत आले ते आनंदाने फुललेलेच.

"दौलतराव, मुबारक द्या! आमच्या खाडीवर पूल झाला!"

"दाभोळला? कधी?"

"मला काय ठावं! आत्ताच दुकानातल्या दिव्यासमोर फोटो धरून बघितले. चांगला कमानींचा दगडी पूल. सरकारने मनावर घेतलं तं काय होत नाय!"

दौलतच्या डोक्यात यावेळी काहीतरी खटकायला हवं होतं. पण त्याचं सगळं लक्ष प्रोजेक्टरकडे होतं. त्याने नवं पाकीट फोडलं, स्लाइडा न बघताच खाचांत बसवल्या आणि दिवा घालवला.

सुरुवात झोकात झाली. चादरीवर एब्रो अवतरली. वाऱ्याने चादर हलली की नदीला खरोखरच लाटा यायच्या. किल्ला आला, करकोचे आले. दौलतचा आवाज चढत गेला. अबू तलाल मान डोलवत होते. मंजिरीने मनातल्या मनात कोटाची बटणं लावली.

आणि मग खटक असा आवाज होऊन पुढची स्लाइड पडली. रुंद, संथ पाणी, एक होडी आणि काठावर नारळाच्या झाडांची दाट रांग.

ही झाडं दौलतने स्पेनमध्ये पाहिली नव्हती. घरी वेंगुर्ल्यात मात्र पाहिली होती. 'माफ करा, पाकिटं बदलली' एवढंच म्हणायचं होतं. पण साहेब चादरीकडे डोळे लावून पुढे वाकले होते, आणि इतका वेळ घोड्यावर बसून दौडलेल्या माणसाला मध्येच पायउतार होणं जमेना.

"इथे नदी समुद्राजवळ येते," तो इंग्रजीत म्हणाला. "हवामान बदलतं. म्हणून ही ताडामाडाची झाडं."

"अहो, हे कधी काढलंत तुम्ही?" मंजिरीने अंधारातून विचारलं.

"तू गप्प बस."

पुढच्या स्लाइडमध्ये खाडीच्या मुखावर जांभ्या दगडाचा काळवंडलेला तट होता. "हा दुसरा किल्ला. पहिल्याच्या मालकाच्या धाकट्या भावाने बांधला. दोघांचं पटत नव्हतं."

सतरंजीवर चुळबुळ आणि खुसखुस सुरू झाली. कोकणातल्या माणसाला जांभा दगड कुणी ओळखायला शिकवावा लागत नाही. खुर्शीदने शेजाऱ्याला विचारलं, "क्यों भाई, सब हँस क्यों रहे?"

"अरे, ये स्पेन-बीन कुछ नहीं. ये तो अपना कोकण है!"

"हौ? फिर बोलो ना साहब को!"

"चूप! साहब को क्या समझता है? बिचारे दौलत की नौकरी का सवाल है."

खटक. चादरभर एक म्हातारी. नऊवारी लुगडं, डोक्यावर भलामोठा फणस, एक हात कपाळावर धरून फोटो काढणाऱ्यावर डोळे वटारलेले.

"स्पॅनिश शेतकरीण," दौलत म्हणाला. आता त्याच्या आवाजात एक विलक्षण शांती आली होती. बुडालेल्या माणसाला पाण्याची भीती उरत नाही तशी. "पारंपरिक वेश. डोक्यावर तिथलं कलिंगड."

"कलिंगडाला काटे?" अबू तलालनी विचारलं.

"डोंगरी जात आहे, सर. उन्हाळ्यात काटे येतात."

तेवढ्यात प्रोजेक्टरच्या झोतात एक सावली उभी राहिली. हुसेनमियाँ उठून थेट चादरीपर्यंत गेले होते. त्यांनी हात पुढे केला, तशी म्हातारीच्या गालावर त्यांच्या बोटांची सावली पडली.

"आपा," ते पुटपुटले. "ही तं माजी हफीजाआपा."

गच्चीवर कुणी हललं नाही.

"तुम्ही ओळखता यांना?" अबू तलालनी विचारलं.

हुसेनमियाँनी मागे वळून दौलतकडे पाहिलं. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "नो सर. स्पेन लेडी. ओन्ली... सेम लाइक माय सिस्टर." आणि जागेवर येऊन बसले. मंजिरीने त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

दौलतला त्या क्षणी आपली खरोखर लाज वाटली. पण बटणावरचं बोट थांबेना. पुढची स्लाइड मशिदीची होती, पाण्याच्या काठी, चुनेगच्ची घुमटाची.

"मस्जिद?" अबू तलाल ताठ बसले.

"सर, स्पेनवर शेकडो वर्षं मुसलमानांचं राज्य होतं," दौलत म्हणाला, आणि आपण बऱ्याच वेळाने एक खरं वाक्य बोललो या आनंदाने त्याला घाम फुटला.

मग आली बस. लालभडक, पिवळ्या पट्ट्याची, टपावर गाठोडी, खिडकीतून बाहेर आलेली बकरी, आणि कपाळावर स्वच्छ देवनागरीत पाटी: दाभोळ–चिपळूण.

"अरे हौ!" खुर्शीद ओरडला. "ये तो बस पे मराठी लिखेला है!"

"अबे चूप! साहब को कहाँ मराठी आती है!"

"नदीकाठची ग्रामीण बस," दौलत म्हणाला. "लाल आणि पिवळा. स्पेनच्या झेंड्याचे रंग, सर!"

अबू तलाल बराच वेळ बसकडे पाहत राहिले. मग शेजारी वळून त्यांनी बाबाजीला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? त्या काटेरी फळाची लागवड स्पेनमध्ये होते?"

बाबाजी मालवणचा. घराच्या मागे फणस, पुढे फणस. त्याने एकदा दौलतकडे पाहिलं, एकदा चादरीकडे. खोटं बोलवेना आणि मित्राला बुडववेना.

"सर, मी स्पेन पाहिलेला नाही," तो म्हणाला. "मला माहीत नाही."

स्लाइडा संपल्या. दिवा लागला. टाळ्या जरा जास्तच जोरात पडल्या. मंजिरीने चिवडा आणि सरबत फिरवलं. अबू तलाल शांतपणे उठले, थोब नीट केला, सरबताचा घोट घेतला आणि अस्सल मुंबईच्या बंदरावरच्या हिंदीत म्हणाले,

"वो किल्ला अंजनवेल का है."

चिवड्याची बशी मंजिरीच्या हातात तिरकी झाली. खुर्शीदने तोंडात घातलेले शेंगदाणे तसेच धरून ठेवले.

"मैं छोटा था, तब मेरा बाप लकडी का धंदा करता था. उसके साथ गलबत में बैठके कितनी बार गया उधर. बंबई, दाभोळ, मलबार. वो मस्जिद के पास मेरे कू तैरना सिखाया किसी ने." मग ते सतरंजीकडे वळले. "साहब को सब समझता है. सिर्फ पूछता कोई नहीं."

सतरंजीवरच्या माणसांनी एकदम सतरंजीची नक्षी पाहायला घेतली. अबू तलाल हुसेनमियाँच्या पुढे गेले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "आपा को मेरा सलाम बोलना. फणस बहोत अच्छा था." हुसेनमियाँ रडत रडत हसायला लागले.

दौलत चादरीजवळ उभा होता. शेवटी तो कसाबसा म्हणाला, "सर, पाकिटं बदलली. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हां. चाहिये था."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी दौलतला केबिनमध्ये बोलावलं. मंजिरीने कोट आधीच कागदात गुंडाळून परत करायला काढून ठेवला होता.

"स्पेनला बाबाजी जाईल," अबू तलाल म्हणाले. "कारखान्यातले लोक सांगतील पंप उत्तम आहे. तिथे मला असा माणूस हवा, जो तपासल्याशिवाय हो म्हणणार नाही. काल एवढ्या लोकांत 'माहीत नाही' म्हणणारा तो एकटाच निघाला."

"होय, सर."

"आणि तू."

दौलतने डोळे मिटले. परतीचं विमान, वेंगुर्ला, शेजाऱ्यांचे प्रश्न, सगळं एका झपाट्यात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"तू आजपासून विक्री खात्यात. फणसाला कलिंगड म्हणून माझ्या तोंडावर खपवणारा माणूस पंपांच्या खात्यात फुकट चाललाय."

अशी दौलतची बढती झाली. कोट परत गेला नाही. मंजिरी म्हणाली, असू दे, विक्रीवाल्यांच्या केबिनमध्ये एअर कंडिशनर फार जोरात असतो म्हणतात. हुसेनमियाँना त्यांच्या स्लाइडा मिळाल्या. पूल स्पेनचा निघाल्याचं त्यांना दोन दिवस वाईट वाटलं, मग दौलतचा प्रोजेक्टर मागून आणून दुकानाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी चादर लावली आणि आपाला रोज पाहू लागले.

विक्री खात्यातलं दौलतचं पहिलं गिऱ्हाईक हफ्र अल बातिन या दूरच्या शहरातून आलं. एक वयस्क, कडक मिशांचा ठेकेदार. वाळवंटातल्या विहिरींवर बसवायला त्याला बरेच पंप हवे होते. आतापर्यंत तो तीन कंपन्यांचे उंबरे झिजवून आला होता आणि प्रत्येक ठिकाणी त्याला तेच ऐकायला मिळालं होतं: आमच्यासारखा पंप जगात नाही.

"आमच्याकडे वाळू फार उडते," तो म्हणाला. "तुमचा पंप त्यात टिकेल?"

खातं बदलून आलेला नवा माणूस कसा बोलतो हे ऐकायला ऑफिसातले दोघेतिघे दाराशी रेंगाळले होते. दौलतने तोंड उघडलं. वाळूवर एक सुरेख वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. आफ्रिका, उंट आणि एक वादळ, असं सगळं त्यात होतं. त्याने ते वाक्य गिळलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "बघून सांगतो."

ठेकेदाराने खुर्ची पुढे ओढली, खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "इतक्या दिवसांत पहिला खरा माणूस भेटला. बघायची गरज नाही. कुठे सही करू?"