भाऊजींचा उजवा गुडघा

आमचे भाऊजी टेबलाची परवानगी घेतल्याशिवाय त्याच्या जवळून जात नाहीत. "येऊ का, टेबलराव?" म्हणतात, क्षणभर थांबतात आणि मग कडेकडेने पुढे सरकतात. खुर्चीला "बाईसाहेब", दाराच्या कडीला "सूनबाई". बोर्डीच्या शाळेत ते लेखनिक होते, तिथल्या कपाटांशीही हाच अदबीचा व्यवहार. नवे शिक्षक बिचकायचे.

याला कारण आहे. भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, जन्मापासून हिमोफिलिया. रक्त लवकर गोठत नाही. तुम्हाआम्हाला टेबलाचा कोपरा लागला तर आपण टेबलाला शिवी घालून मोकळे होतो. त्यांचा सांधा आतल्या आत रक्ताने भरतो, आणि मग पंधरा दिवस खाट. म्हणून त्यांचं एकच पालुपद: "आपल्याला भांडण परवडत नाही." माणसांशी नाही, फर्निचरशी तर नाहीच.

हे शहाणपण लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला कुठलं? मी एकोणीस वर्षांची, वेणी अकलेपेक्षा लांब. चौदा वर्षांचे दीर खाटेला हात जोडताहेत हे पाहून पदर तोंडाशी धरून हसले होते. सासूबाईंनी धाकट्याला लाडावून ठेवलंय, आणि कोमट तेलाने बरं होत नाही असं दुखणं देवाने घडवलेलंच नाही, अशी माझी ठाम समजूत. एक दिवस त्यांचा उजवा गुडघा जरासा सुजला. सासूबाई डहाणूच्या बाजाराला गेलेल्या. मी तेलाची वाटी घेतली, पदर खोचला आणि असा काही चोळला, की संध्याकाळपर्यंत गुडघ्याचं शहाळं झालं.

"काय रे केलंस हे?" सासूबाईंनी विचारलं.

"ओट्यावरून पडलो."

मी चुलीत फुंकर घालत राहिले. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी गवंडी बोलावून बिचाऱ्या ओट्याची कड गोल करून घेतली.

त्या गुडघ्यात पुढे वरचेवर रक्त उतरत गेलं आणि तो वाकडा झाला तो झालाच. शेवटी २०१६ साली डॉक्टर म्हणाले, गुडघा बदला. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात, रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरची इंजेक्शनं देत देत, ऑपरेशन नीट पार पडलं. आम्ही पेढे वाटले. मग कळलं की खरी परीक्षा पुढेच आहे. नवा गुडघा रोज हलवला नाही तर तोही आखडून बसणार.

घरी आल्यावर फॅक्टरचं इंजेक्शन झालं की तलासरीहून फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. त्यांना काका म्हणायची आणि मला आजी. आमच्यात अंतर पाच वर्षांचं, पण असो.

"दीकरी, पोरी, तू आधी चहा घे," भाऊजी पाय घट्ट धरून म्हणायचे. "गुडघ्याला झोप लागलीये."

"काका, गुडघा झोपत नाही."

"आमचा झोपतो."

चार दिवस हेच. पाचव्या दिवशी ती थकली. "घरातलं कोणी शिकेल का? काका टाच मागे सरकवतील तेव्हा नुसता खालून आधार द्यायचा. जोर लावायचा नाही, चोळायचं तर मुळीच नाही."

"वहिनी शिकतील," भाऊजी म्हणाले.

मी हात मागे घेतले. "मी नको, भाऊजी. मागे मी…"

"मागचं त्या ओट्यानं केलं. तुम्ही या."

मी टाचेखाली हात धरला. त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी गावभरच्या कुचाळक्या सुरू केल्या. कोणाची सून कोणाला काय बोलली इथवर येईतो टाच चार बोटं सरकली होती. रोज अशीच. होळीच्या सुमारास भाऊजी खुर्चीत बसले ते दोन्ही पावलं जमिनीला टेकवून. तलासरीच्या मुलीने येऊन मोजलं, म्हणाली, "नव्वद अंश. आजी, तुमची सुट्टी. आता काका आपले आपण करतील." मी आत जाऊन देवापुढे बसले आणि भरपूर रडून घेतलं.

तरी दुपारी चार वाजता वाडीतल्या त्यांच्या खोलीकडून काठी वाजत येते. भाऊजी आमच्या पलंगावर टेकतात, पाय लांब करतात.

"वहिनी, आज जरा अडल्यासारखं वाटतंय."

अडलेलं काही नसतं. पायऱ्या कशा चढून आले ते मी खिडकीतून पाहिलेलं असतं. मी टाचेखाली हात धरते.

"फारच अडलाय हो. अर्धा तास तरी लागेल."

"लागू दे," भाऊजी म्हणतात. "मला कुठं जायचंय."